पुराच्या पाण्यातले दोन खांब

पिंपळघाट
१२ जून २०२४

ती. दादाले,
गोपीचा नमस्कार.

फोन केला तं वहिनी म्हणे, डॉक्टरनं बोलाले मनाई केली आहे, अन् मोबाईलवर टाइप कराले बसवलं की तू मोबाईलच फेकते. म्हणून कागद घेतला. किती वर्षं बोंबलत होती मी, तो तंबाखूचा खर्रा सोड, खर्रा सोड. तवा तू म्हणे, "तू चूप बस." आता देवानं तुलेच चूप बसवलं. रागावू नोको. अर्धा जबडा गेला पण माणूस राह्यला, हे आमच्यासाठी पुष्कळ आहे.

एक काम आहे. दोन वर्षाआधीच्या पुरानंतर आमच्या गावाले बचावाची फायबरची नाव भेटली, लोखंडी ट्रेलरसकट. नत्थूजीचा पोरगा नागेश आपल्या ट्रॅक्टरले ट्रेलर जोडते अन् घाटावरून उलटा पाण्यात घालते. नाव तरंगली की सोडाची, येतानी पुन्हा त्याच ट्रेलरवर चढवाची. पण वेणा नदीचं पुराचं पाणी म्हणजे निस्ता चहा. ट्रेलर पाण्यात गेला की तो कुठं आहे हे ना नागेशले दिसत, ना नाव चालवणाऱ्याले. मंग तुहे जवाई, म्हणजे आमचे हे, छातीभर पाण्यात ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर हात वर करून उभे राह्यते. त्यायचे हात पाहून नाव आत घ्याची. साऱ्या गावानं त्यायचं नाव 'खुंटा' पाडलं. लोकं हासते, मले हासू येत नाई. धारेनं नाव आडवी झाली तं हा माणूस नाव अन् लोखंडाच्या मधात आहे.

बाहेरच्या एका व्हिडिओत मी पाह्यलं, ट्रेलरच्या मागं दोन उभे खांब लावते. तुह्या वेल्डिंगच्या दुकानात बनवता येईन का? पाऊस यायच्या आत पाह्यजे.

तुही,
गोपी

ता.क. दादा, ही बाई उगीच भेते. पाण्यात मी, अन् भेव हिले. बनवले तं माह्याइतके उंच बनवा, म्हणजे गावाले चुकल्यासारखं वाटणार नाई. — किशोर


सेलू
१९ जून २०२४

चि. गोपीले,
आशीर्वाद.

तुहं पत्र वाचून तुही वहिनी हासली. म्हणे, बहिणीनं बरोबर सुनावलं. घरात आता तिचंच राज्य आहे. मी पाटीवर लिहितो, ती न वाचताच पुसते.

खांबाचं काम सोपं आहे. अशी गोष्ट दोन वर्षं तुमच्या गावाले सुचली नाई अन् जित्ता माणूस पाण्यात उभा करते, धन्य आहे बावा! नीट ऐक. नाव जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं आडवी सुतळी लाव अन् दोन्ही टोकाले गाठ मार. दुसरी सुतळी ट्रेलरच्या मागच्या आडव्या अँगलची. दोन्ही सुतळ्या पाकिटात घालून धाड. टेप लावू नोको. तुह्या नवऱ्याच्या हातात टेप देला तं तो इंच अन् सेंटीमीटर एकाच भावात मोजते.

नावेच्या दोन्ही बाजूले दोन-दोन बोटं जागा ठेवीन. जास्त ठेवली तं नाव वाकडी शिरते, कमी ठेवली तं फसते. लोखंडी पाइप उभे करीन, त्यावर पांढरा प्लॅस्टिकचा पाइप चढवीन, म्हणजे नावेले खरचटणार नाई. डोक्यावर लाल रेडियमची पट्टी. ट्रेलर बुडून गेला तरी खांबाची डोकी पाण्याच्या वर दिसतीन. नागेशले तेच पाहून ट्रेलर लावता येईन अन् नाववाल्याले त्याच्याच मधून नाव आणता येईन. धार आली तरी खांब नाव धरून ठेवते. माणसाचं तिथं कामच नाई.

नागेशले म्हणा ट्रेलर सेलूले आण. अँगललेच वेल्डिंग मारून देतो. माह्या मरणानंतरही हालणार नाई असं.

तुहा,
दादा


पिंपळघाट
२७ जून २०२४

ती. दादाले नमस्कार.

दोन्ही सुतळ्या पाकिटात आहे. जाडी नावेची, बारीक ट्रेलरची.

पण एक अडचण झाली. नत्थूजी सोसायटीचे अध्यक्ष, नाव-ट्रेलर सोसायटीच्याच ताब्यात, अन् तान्ह्या पोळ्याचे कर्ते-धर्तेबी तेच. तुले माहीत आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावचा मोठा लाकडी नंदी निघते. पोट्टे आपापले लाकडाचे बैल घेऊन त्याच्या मागं चालते अन् घरोघर बोजाऱ्याचे पैसे अन् खाऊ घेते. नंदीचा जुना गाडा मोडला तवापासून तो नावेच्या ट्रेलरवर नेते. ट्रेलर ठेंगणा, चाकं रबराची, नंदी हालत नाई. नत्थूजी म्हणे, "खांब लावा, पण निघाले पाह्यजे. खांब राह्यले तं नंदीचं पोट मधात बसत नाई."

मी म्हटलं, बरं. एका दिवसाचं तं काम आहे. दादा, तू नट-बोल्टाचे कर. सणाच्या दिवशी खोलाचे अन् मंग पुन्हा लावाचे. ट्रेलरबी सेलूले आणाची गरज नाई, तू खांब धाडून दे, हे बसवतीन.

तुही,
गोपी

ता.क. दादा, आधी टेपनंच मोजलं होतं. मंग सुतळी लावली तं चार बोटायचा फरक निघाला. तुमचं खरं आहे. कोणाले सांगू नका. — किशोर


सेलू
६ जुलै २०२४

चि. गोपीले आशीर्वाद.

नत्थूजीले माह्याकडून विचारजो, पूर पंचांग पाहून येते का? पोळा पावसाळ्यातच असते ना? मंग ऐन पावसाळ्यात नावेचा ट्रेलर बैलाले देता? तोबी लाकडाच्या? वा रे गाव!

डोकं भणभणलं होतं. पण तू मागितलं म्हणून बोल्टाचे केले. खांब काल मालाच्या गाडीनं धाडले. एका खांबाले खाली चार बोल्ट, प्रत्येकाले दोन नट. पहिला नट आवळल्यावर दुसरा आवळाचा, नाईतं रस्त्याच्या हादऱ्यानं सैल होते. पाना सोबत देला आहे.

माही एकच अट आहे, नत्थूजीले शपथ घालून सांग. नंदी खाली उतरला की पहिले खांब लागतीन, मंग पोट्ट्यायचा बोजारा, मंग बाकीच्यायचं खाणंपिणं. खांब लागल्याशिवाय कोणी घरी जाणार नाई.

मी बरा आहे. भाताची पेज पितो.

तुहा,
दादा

(याच पाकिटात वेगळी चिठ्ठी)

गोपिकाताई, ही चिठ्ठी मी ह्यांच्या नकळत घालते आहे. काल तपासणीला गेलो होतो. मानेत गाठ पुन्हा आली आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फारसं काही करता येणार नाही. ह्यांना मी सूज आहे म्हणून सांगितलंय. खांब करताना मात्र हे अगदी पूर्वीसारखे होते. तीन दिवस दुकानातून हलले नाहीत. तुम्ही त्यांना काहीही वाईट कळवू नका, एवढीच विनंती.
— सरिता


पिंपळघाट
२९ जुलै २०२४

ती. दादाले नमस्कार.

दादा, खांब लागले! अन् कालच कामीबी आले. वेणेले पाणी चढलं, पलीकडच्या मळ्यात जिजाबाई अन् तिच्या घरचे भाजी तोडाले गेलते ते अडकले. नागेशनं ट्रेलर पाण्यात घातला. सारा बुडाला, पण दोन पांढरे खांब वर, लाल पट्ट्या चमकून राह्यल्या. येतानी नाव धारेनं खेचली जात होती. खांबाले टेकली, सरळ झाली, अन् गपकन आत. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी घाटावर उभी होती, मले रडूच आलं. लोकं म्हणे, हिले काय झालं?

मी खांबाले हळद-कुंकू लावलं. हे म्हणे, लोखंडाले काय पूजते. म्हटलं, तुमच्या जागी उभं आहे, म्हणून पूजते.

वहिनी फोनवर म्हणे, मानेले सूज आहे; आता कशी आहे? वहिनीचं ऐकत जाय.

तुही,
गोपी

ता.क. दादा, काल पहिल्यांदा पुरात काठावर कोरडा उभा होतो. हाताचं काय करावं समजे ना. बिडी पेटवली, तं तुमच्या बहिणीनं ओढून फेकली. खांब एक नंबर. — माजी खुंटा किशोर


पिंपळघाट
१४ सप्टेंबर २०२४

सरिता वहिनीले नमस्कार.

पाकिटात दोन कागद आहे. हा तुमचा. दुसरा दादाचा. हा वाचून चुलीत घाला.

वहिनी, हे गेले.

तुमाले फोन कराची हिंमत झाली नाई. तुम्ही रडल्या असत्या अन् दादानं ओळखलं असतं. म्हणून तुमच्याकडच्या कोणालेच कळवलं नाई. मले माफ करा.

तान्ह्या पोळ्याले खांब खोलले. नंदी धुमधडाक्यात निघाला. उतरवल्यावर दादाची अट मी नत्थूजीले सांगतली, दोनदा सांगतली. ते म्हणे, "हो हो, लावतो ना बाई, पोट्टे उपाशी आहे, पहिले त्यायचं होऊ दे." बोजारा झाला, जेवणं झाली. खांब देवळाच्या ओट्यावर ठेवले होते. पाना कोणाच्या घरी गेला तो भेटे ना. यायनं बोटानं नट फिरवून पाह्यले, म्हणे उद्या सकाळी पाना आणून लावतो. रात्रभर पाऊस पडला. सकाळीच वस्तीत पाणी शिरल्याचा फोन आला. पाना शोधाले कोणी थांबलं नाई.

नाव तीन फेऱ्या गेली. तिन्ही वेळा हे पाण्यात उभे. पहिल्यासारखे हात वर करून. लोकं वरून म्हणे, "खुंटा आला रे, खुंटा आला!" चौथ्या फेरीले नावेत म्हातारी माणसं होती. धार वाढली होती. नाव आडवी झाली अन् यायच्या छातीवर आली. मागं ट्रेलरचं लोखंड. मी घाटावर होती, वहिनी. यायचे हात शेवटपर्यंत वर होते, ते मले दिसले. मंग नाई दिसले. दुसऱ्या दिवशी खाली बाभळीत सापडले. नावेतले सारे वाचले.

बोल्ट मीच मागितले होते ना? दादा वेल्डिंगच म्हणत होता. एका दिवसाचं काम आहे, असं मीच लिवलं होतं. हे कोणाले सांगू?

दादाले काही समजू देऊ नका. तुमचं तुमच्या माणसाजवळ जितके दिवस आहे तितके राहो.

— गोपिका

(दुसरा कागद)

ती. दादाले नमस्कार.

पोळा चांगला झाला. पूर येऊन गेला. नावेनं वस्तीतल्या साऱ्यायले काढलं. खांब चांगले काम करून राह्यले. हे बरे आहे. तुले नमस्कार सांगतला आहे. तू औषध वेळेवर घेजो.

तुही,
गोपी


सेलू
१ ऑक्टोबर २०२४

गोपी,

तुहं पत्र आलं. वाचलं. पलटवून मागच्या बाजूनं पाह्यलं. पाकीट फाडून पाह्यलं. खालची जागा कोरी होती.

तुह्या नवऱ्यानं कधी माह्यासाठी कोणाच्या हाती नमस्कार धाडला नाई. तो आपल्या हातानं दोन वाकड्या ओळी लिवते अन् माही मजा घेते. मी पाटीवर निस्तं 'किशोर?' एवढं लिवलं अन् तुह्या वहिनीपुढं धरलं. यावेळी तिनं पुसलं नाई. ती रांधणीत गेली अन् बाहेरच आली नाई. मंग मी आत गेलो तवा तिनं सारं सांगतलं.

तुम्ही दोघी मले काय लहान पोरगा समजता? माह्या मानेतली गाठ माह्या हाताले लागत नाई का? आपण तिघं एकमेकायले फसवून राह्यलो, अन् ज्याले खरंच काही लपवता येत नव्हतं तो गेला. मले धड रडताबी येत नाई, गोपी. तोंड एका बाजूनं उघडतच नाई.

आता ऐक. बोल्ट तू मागितले म्हणून कोणी मरत नाई. बोल्ट खोलाचे असते तसे लावाचेबी असते. खोलाले गावाचे दहा हात होते, लावाले एक नाई भेटला. हे तू डोक्यात पक्कं करून ठेव. रोज सकाळी एकदा मनाशी म्हण.

पाणी उतरलं की मी येतो. वेल्डिंगचं मशीन घेऊन येतो. नको म्हणू नोको. वहिनी नको म्हणून राह्यली, तिचं ऐकलं नाई, तुहंबी ऐकणार नाई. नागेशले सांग ट्रेलर सावलीत लावून ठेव.

दादा


पिंपळघाट
१८ नोव्हेंबर २०२४

सरिता वहिनीले नमस्कार.

दादा आज सकाळच्या गाडीनं निघाला, पोहोचला असन. तो तुमाले काही लिहून सांगणार नाई, म्हणून मी लिवते.

आला तवा आमची लेकरं त्याचं तोंड पाहून मागं सरकली. मले वाईट वाटलं. त्याले नाई वाटलं. त्यानं वेल्डिंगची टोपी खाली ओढली अन् लेकरायले हातानं 'आता पाहा' म्हटलं. टोपी घातल्यावर वहिनी, तो आपला जुनाच दादा दिसत होता. तशीच मान वाकडी, तसाच एक गुडघा टेकलेला.

वेल्डिंगची एक शिवण मारली की बसून राहे. नागेश म्हणे, "मामा, मी मारतो, तुम्ही दाखवा." दादानं त्याले दूर केलं. मंग काय वाटलं काय माहीत, शेवटचा कोपरा त्याच्याच हातात देला अन् वरून आपला हात धरला. नागेश कामभर रडत होता. त्या दिवशी ट्रॅक्टरवर तोच होता ना.

बोल्टाची डोकीबी दादानं कापून टाकली. पाना पुरानंतर भेटला होता, तो त्यानं माह्या हातात देला. मी तो नदीत फेकला.

नत्थूजी आले होते. बाजूले उभे राह्यले. दादानं खडूनं ट्रेलरवर लिवलं, "हे आता निघणार नाई." त्यायनं मान हालवली.

— गोपिका


पिंपळघाट
२५ ऑगस्ट २०२५

सरिता वहिनीले नमस्कार.

दादाले जाऊन पाच महिने झाले. तुम्ही म्हटलं होतं, पत्र बंद करू नका, घरात पोस्टमन आला की बरं वाटते. म्हणून लिवते. अन् हे तुमाले सांगणं जरूर आहे.

परवा तान्हा पोळा होता. आठ दिवस आधीपासून कुजबुज चालू होती. आता नंदी बैलबंडीवर न्याचा, तो हालते म्हणे, पोट्ट्यायच्या अंगावर पडला तं? तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नत्थूजी दहा-बारा माणसं घेऊन नावेच्या शेडजवळ गेले. सोबत हिंगणघाटचा गॅस कटरवाला. मले जिजाबाईनं सांगतलं. हात पिठाचे होते, तशीच धावली.

कटरवाला नळी लावून राह्यला होता. मी ट्रेलरच्या मागं गेली, खांबाले पाठ लावली अन् उभी राह्यली.

नत्थूजी म्हणे, "बाई, सणाचा दिवस आहे. कापतो अन् उद्या पुन्हा जोडून देतो. सोसायटीचा ठराव करतो, मंग तं झालं? लेकरं खोळंबली आहे, बाजूले हो."

म्हटलं, "होते बाजूले. पहिले एक नाव सांगा."

"कायचं नाव?"

"आज पाणी आलं, तं इथं कोण उभं राहीन? गेल्या वर्षी माह्या घरचा होता. यावर्षी कोणाच्या घरचा आहे? त्याचं नाव सांगा, मी आत्ता बाजूले होते."

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. ज्यायनं यायले 'खुंटा आला रे' म्हणून हाका मारल्या होत्या तेच सारे होते. वहिनी, खोटं नाई सांगत, मले त्यायची कीव आली अन् चीडबी आली. मंग मागून कोणीतरी हळूच म्हणे, "नागेश राहीन. त्याले पोहता येते."

नागेश ट्रॅक्टरवर बसला होता. तो खाली उतराले लागला. म्हणे, "हो, राह्यतो मी."

नत्थूजी असे गर्रकन फिरले. "तो काऊन राहीन?" म्हणे. "माहा पोरगा काऊन राहीन?"

हे बोलले अन् त्यायचं त्यायलेच ऐकू आलं. मंग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं अन् कटरवाल्याले म्हणे, "गुंडाळ बावा तुही नळी." माह्याकडं पाह्यलं नाई त्यायनं. पाहून तरी काय करणार होते.

नंदी बंडीवरच गेला. चार-चार माणसं दोन्ही बाजूनं धरून चालली, नागेश पुढं. पोट्टे घरोघर फिरले, माह्याबी दारात आले. मी साऱ्यायले बोजारा देला.

काल पाऊस झाला. वेणा भरून चालली आहे. सकाळी घाटावर जाऊन आली. ट्रेलर पाण्याजवळ तयार ठेवला आहे, खांब जागेवर आहे. दादाच्या फोटोले सांगजा.

— गोपिका